मुकी चित्रफीत

घरातील संगणक बिघडला म्हणजे घरातील प्रत्येक माणूस वैद्य होतो. तापकऱ्याला जसा जो येईल तो नवा काढा सांगतो, तशीच गत संगणकाचीही होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दापोऱ्यास आमच्या घरी हाच प्रकार घडला. परंतु त्या दिवशी पणाला लागलेली वस्तू संगणकाहून फार मोलाची होती.

सन २०११ मध्ये आत्याचे लग्न झाले. हळद दळण्याच्या वेळी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत होती आणि काकांनी आपल्या बटणांच्या लहानशा मोबाईलवर ते दृश्य टिपून घेतले. तो मोबाईल केव्हाच निकामी झाला. त्यातील चित्रफिती मात्र एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी आजीला पक्षाघात झाला व तिची वाचा गेली. तिच्या ओव्या आता त्या एका चित्रफितीतच काय त्या उरल्या होत्या.

संध्याकाळी वडील केळीच्या बागेतून परतले आणि सारे घर संगणकाभोवती जमले. आजीची खुर्ची अगदी पुढे मांडली. चित्रफीत सुरू झाली. पडद्यावर धूसरशी आजी दिसली. खुंटा धरलेला तिचा हात फिरत होता, ओठ हलत होते, पण आवाज काही येईना. समोर बसलेली आजी मुकी आणि पडद्यावरचीही मुकी! तिने वळून माझ्याकडे पाहिले. ती नजर मला सोसवली नाही.

मग माझ्या उपायांना ऊत आला. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली, स्पीकरची तार काढून पुन्हा खोचली, चार सेटिंग्ज एका दमात बदलल्या. बऱ्हाणपूरच्या एका दुकानदारांनी फोनवर निर्वाळा दिला, "फाईल खराब झाली. पुसून टाका." वैतागून मी खरोखरच ती पुसण्याच्या बेतात होतो. इतक्यात वडील म्हणाले, "अरे, मोटार पाणी फेकत नाही म्हणून आपण विहीर बुजवतो का? आधी वीज पाहतो, मग मोटार, मग पाइप. एकेक करून पाहा."

वडिलांना संगणकातले काही कळत नाही; तरी त्या दिवशी खरी वाट त्यांनीच दाखविली. प्रथम मी फाईलची एक प्रत संगणकावर घेतली व मूळ पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून दिला. बदललेल्या सेटिंग्ज आठवून आठवून पूर्ववत केल्या. नंतर एक सिनेगीत लावले. ते खणखणीत वाजले. म्हणजे स्पीकर व तार निर्दोष होती. मग त्याच मोबाईलवर घेतलेली वरातीची चित्रफीत लावली, तीही मुकीच! दोन फायली नेमक्या एकाच तऱ्हेने खराब होणे संभवत नाही. तेव्हा आमचा प्लेअरच ती भाषा जाणत नसावा, असा तर्क निघाला.

ताईने तो अधिक उलगडून सांगितला. फाईल हा जणू एक डबा असतो. त्यात चित्र आणि ध्वनी निरनिराळ्या रीतींनी घडी घालून ठेवलेले असतात. घडी घालण्याच्या व उकलण्याच्या या रीतीला कोडेक म्हणतात. प्लेअरला चित्राची घडी उकलता येते आणि आवाजाची येत नाही, असेही घडते. तिने व्हीएलसी हा मोफत प्लेअर उतरवून घेतला. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी आरंभिलेल्या कामातून तो जन्मला आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. पुष्कळ कोडेक त्याच्या स्वतःच्याच गाठीला असतात.

चित्रफीत पुन्हा लावली. क्षणभर खरखर झाली, मग जात्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यावरून आजीचा स्वर उमटला! आई पदराने डोळे पुसू लागली. मी आजीकडे पाहिले. तिचा धडधाकट डावा हात खुर्चीच्या हातावर हळूहळू गोल फिरत होता.

आवाज थोडा बारीक, डब्यातून आल्यासारखा वाटत होता. माहितीच्या चौकटीत पाहिले, तो 'एएमआर' ही अक्षरे दिसली. मोबाईलवरील बोलण्यासाठी १९९९ मध्ये स्वीकारलेली ही रीत. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. गाण्याच्या सीडीवर ते ४४,१०० असतात. आजीची ओवी इतक्या अरुंद वाटेने आमच्यापर्यंत पोहोचली होती!

गी पॉयतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, हे पुढे वाचनात आले. आमच्या घरी एकच चित्रफीत आहे, आणि तीही मी उतावळेपणाने पुसणार होतो. आता तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. मूळ फाईलला मात्र कोणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक आहे.

संगणक बिघडला, की मी आता आधी हात आवरतो. आजी सायंकाळी खुर्चीत येऊन बसते आणि पडद्याकडे बोट दाखविते. मी चित्रफीत लावतो. तिचे ओठ पडद्यावरच्या ओठांबरोबर हलतात. त्या वेळी आवाज कोणाचा, असा प्रश्न मला पडत नाही.