भरतगडाच्या विहिरीपासून कुडोपीच्या सड्यापर्यंत

मसुऱ्यातून भरतगडावर जाणारी वाट घरांच्या अंगणांना खेटून चढते आणि बघता बघता आंब्याच्या कलमांत शिरते. गड लहान आहे, माथा गाठायला फार दम लागत नाही. माझं काम प्रदर्शनं आखण्याचं. माणूस कुठल्या वस्तूपाशी थांबेल, उजेड कुठून पडेल, आधी काय दिसावं आणि नंतर काय, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर तेच शोधते. मसुऱ्याला मी मुद्दाम तेवढ्यासाठीच आलो होतो. चार भिंती नसलेलं संग्रहालय कसं मांडावं, हे मला पाहायचं होतं.

गडावर चढून आलेली बहुतेक मंडळी बुरुजावर जातात, खाडीचा फोटो काढतात आणि उतरतात. या गडाची सगळी कहाणी मात्र एका विहिरीत आहे. शिवाजी महाराजांनी हा डोंगर पाहिला होता, पण पाणी नसल्यामुळे इथे गड बांधण्याचा बेत सोडला, असं सांगतात. पुढे १७०१च्या सुमारास सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी कातळ फोडून खोल विहीर खणली, पाणी लागलं आणि मग तट उभे राहिले. विहिरीच्या काठावरून खाली पाहिलं की तासलेल्या कातळाच्या भिंती अंधारात उतरत जातात आणि छिन्नी-पहारीचं ते काम मनात भरतं. इथे येणाऱ्याला आधी विहिरीपाशी न्यावं, बुरुजावर नंतर. बुरुजावरून कालावल खाडीपलीकडे भगवंतगड दिसतो. तो पंत अमात्य बावडेकरांचा. सावंत अलीकडे, बावडेकर पलीकडे, मधे खाडी. दोन्ही गड १८१८मध्ये इंग्रजांकडे गेले. एवढं सांगणारा एक फलक त्या बुरुजावर, कमरेच्या उंचीवर, समोरच्या डोंगराकडे तोंड करून असला तरी पुरे. पन्नास-साठ शब्दांपेक्षा जास्त मजकूर उन्हात उभा राहून कुणी वाचत नाही.

दुपारी आंगणेवाडीला गेलो. मसुऱ्याचीच ही वाडी. भराडी देवीच्या जत्रेला लाखो लोक येतात, आणि जत्रेची तारीख पंचांगातून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. मी गेलो तेव्हा जत्रा नव्हती, देवळासमोरचा माळ मोकळा होता. तरीही रांगा कुठून सुरू होतात, वळतात कुठे, गाड्या कुठे थांबतात, नैवेद्य कुठे शिजतो, हे तिथल्या माणसांनी हात करून दाखवलं. एवढ्या गर्दीला दर्शन घडवून परत घरी पाठवायचं हे काम वाडी पिढ्यान् पिढ्या करत आली आहे. शहरात आम्ही गर्दीच्या प्रवाहाचे नकाशे काढतो, त्यावर बैठका घेतो. प्रेक्षकांची सोय कशी पाहावी हे शिकायचं असेल तर नवशिक्या आखणीकाराला मी आधी इथे पाठवीन.

तिथून कुडोपीचा रस्ता धरला. मालवण तालुक्यातलं हे गाव. गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जांभ्या दगडात कोरलेली चित्रं आहेत आणि त्या जागेला लोक बावल्यांचं टेंब म्हणतात. याच तालुक्यातल्या हिवाळे गावची कातळशिल्पं अभ्यासक सतीश लळीत यांनी २००१मध्ये पुढे आणली, कुडोपीची त्यानंतर. कोकणातल्या ज्या नऊ ठिकाणांची नावं २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक गोव्यातलं आणि सिंधुदुर्गातलं एकटं कुडोपी.

सोबत गावातले एक वयस्क काका होते. सड्याच्या कडेला त्यांनी थांबवलं. "चपला हयच काढा," म्हणाले. ऊन अजून डोक्यावर होतं आणि मला समोर काळपट कातळाशिवाय काहीच दिसेना. काकांनी खराट्याने वाळलेलं गवत बाजूला केलं, तांब्यातून थोडं पाणी शिंपडलं. "पाणी शिंपल्याशिवाय रेघो दिसाच्यो नाय." आणि खरोखरच ओल्या दगडातून एक रेघ वर आली, मग दुसरी, मग पाय, धड, पसरलेले हात. आम्ही तिथेच बसून राहिलो. ऊन कललं तसं पाण्याचीही गरज उरली नाही. तिरक्या उजेडाने प्रत्येक खाचेत सावली भरली आणि मघाशी कोरा वाटलेला कातळ माणसांच्या आकृत्यांनी, जनावरांनी, अर्थ न उलगडलेल्या नक्षीने भरून गेला. ही चित्रं कधीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ज्याने ती कोरली त्याला हा उतरता उजेड माहीत असणार, असं मला तिथे बसल्यावर पक्कं वाटलं.

संग्रहालयात कोरीव दगडावर बाजूने दिवा सोडतात तो याचसाठी. इथे तो दिवा रोज सकाळ-संध्याकाळ फुकट लागतो. म्हणून कुडोपीच्या आखणीत पहिली गोष्ट वेळापत्रक असली पाहिजे, इमारत नव्हे. भर दुपारी बस भरून पर्यटक आणले तर ते काहीही न पाहता, चित्रांवरून चालून परत जातील. रत्नागिरीजवळ उक्षीला गावकऱ्यांनी कातळशिल्पाभोवती दगडी बांध घातला आणि वरून पाहण्यासाठी जागा केली. आकृती पायाखाली येत नाही आणि अख्खी एका नजरेत मावते. कुडोपीला चित्रं सड्यावर पसरलेली आहेत, तिथे एकच मनोरा पुरणार नाही. पण जांभ्याचीच ठरावीक पायवाट आणि तिच्यावर दोन-तीन बसायच्या जागा सहज होतील.

दुसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथे परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या गोठ्याच्या जागेत मांडून संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या परंपरेशी नातं असलेली पैठणची चित्रं पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत आणि ती तिथे होती म्हणून टिकली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. कागदावरच्या जुन्या रंगांना पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड सोसत नाही. काच आणि मंद दिवा त्यांना हवाच. पण चित्रकथीचं चित्र टांगून ठेवण्यासाठी काढलेलंच नाही. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने कथा गात, एकेक पान समोर धरून दाखवायचं असतं. पिंगुळीत पान उलटलं की कथा पुढे सरकते आणि समोर बसलेली पोरं पुढच्या पानासाठी मान लांब करतात. जुनी पोथी काचेत आणि नवी हातात, अशी जोडी प्रत्येक संग्रहालयाने करायला हवी.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१७मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाबरोबर भारत आणि जगाची गोष्ट नऊ दालनांत मांडली होती. वस्तूंचा क्रम नीट लावला की गोष्ट आपोआप सांगितली जाते, हे तिथे दिसलं होतं. मसुरे, आंगणेवाडी, कुडोपी, पिंगुळी हा क्रम तसाच लागू शकतो. त्यासाठी कोट्यवधींची वास्तू नको. मालवणीत आणि मराठीत लिहिलेले नेमके फलक, स्वच्छ शौचालय, सावलीतलं बाकडं आणि गावातल्या मुलामुलींना वाटाड्याचं रीतसर शिक्षण व मानधन, एवढं हवं. पैसा आला की आधी सिमेंट येतं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. कुडोपीच्या सड्यावर ते येऊ नये.

तुम्ही जाणार असाल तर सूर्य वर चढण्याआधी जा, नाहीतर तो कलल्यावर. फोटोसाठी रेघांत खडू किंवा रंग भरू नका, आकृत्यांवरून चालू नका, आणि गावातला माणूस सोबत घेऊन त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.