शिशाचा तुकडा

समीक्षेच्या तासाला फळ्यावर ‘समतोल’ हा शब्द लिहिताना माझा हात आजही किंचित अडखळतो. कारण साहित्यातले नाही. एका खेळण्यातल्या विमानाचे आहे.

१९९८ साली मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागातही. आम्ही कंट्रोल लाइन विमाने उडवीत असू. वैमानिक मैदानाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या मुठीतून निघालेल्या सुमारे पंधरा मीटर लांबीच्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत शिरतात. मनगट कलले की शेपटीवरचा एलिव्हेटर हलतो आणि विमान त्याच्याभोवती फिरताफिरता चढते वा उतरते. तारा ताठ आहेत तोवरच ते आपले. त्या सैलावल्या की हाती नुसती मूठ उरते.

आमचे विमान माझ्या मित्राने तीन महिने खपून बांधले होते. उडवणारही तोच होता. माझ्याकडे शेवटचा हात फिरवण्याचे काम होते. आदल्या रात्री मी विमान नाकाशी आणि शेपटीशी बोटांवर तोलून धरले, तर उजवा पंख खाली झुकला. त्याच्या टोकाशी आत शिशाचा तुकडा सापडला. मला ती मित्राची हयगय वाटली. मी तुकडा काढला, वर कागद चिकटवून डोप लावले. विमान बोटांवर अगदी आडवे स्थिरावले आणि मी समाधानाने झोपलो.

तो तुकडा हेतुपूर्वक ठेवलेला होता. आतल्या पंखावर तारांचा भार असतो. बाहेरचा पंख मोठ्या वर्तुळावरून, म्हणून अधिक वेगाने जातो आणि त्याला उचलही अधिक मिळते. त्याला वजनाने आवरले नाही तर विमान वैमानिकाच्या दिशेने कलते. खालच्या फेऱ्यांत हे फारसे जाणवले नाही. पण मित्राने विमान डोक्यावरून नेले. तिथे विमानाचे स्वतःचे वजनच तारांचा ताण कमी करते. तिथे ते आत कलले, तारा लोंबल्या आणि विमान नाकावर आदळले.

‘‘माझाच हात चुकला,’’ तो म्हणाला. मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही.

पुढे एका प्रशिक्षकांनी मला दोष ओळखण्याची रीत शिकवली. विमान सरळ उडवून पाहावे, मग उलटे. बाहेरचा पंख दोन्ही वेळा खाली राहिला तर वजन जास्त, दोन्ही वेळा वर राहिला तर कमी. एकदा वर आणि एकदा खाली दिसला तर पंखाला पीळ आहे. टेबलावर यांतले काहीच कळत नाही. आज एखाद्या कवितेतला झुकाव विद्यार्थी ‘दोष’ म्हणून खोडू लागला की मी त्याला थांबवतो. ती कविता कोणत्या ताणाला बांधलेली आहे, हे आधी पाहायला सांगतो.

गेल्या वर्षी मित्र भेटला, तेव्हा सारे सांगून टाकले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘अरे, मोडका पंख मीच उचलला होता ना.’’

इतकी वर्षे त्याने ते वजन एकट्याने वाहिले होते. आणि मी समजत होतो की ते माझ्याकडे आहे.