पुलाच्या वरच्या अंगाला

तो माणूस माझ्यावर ओरडला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. तो ओरडला नाही. चारचाकी बग्गी काठावर उभी केली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅम, ही जमीन माझी आहे." मी गुडघाभर पाण्यात होते. माझ्या मागे दहा हातांवर माझी अकरा वर्षांची लेक. चार वर्षं झाली या गोष्टीला. अजून मध्यरात्री जाग आली की ते वाक्य आठवतं आणि त्याला काय काय सुनवायला हवं होतं ते मी मनात बोलत बसते.

आम्ही मिसूरी राज्यात, सेंट लुईसला राहतो. मी मूळची महाडकडची. गळ, दोरी आणि गांडुळं यांतच वाढले, त्यामुळे इथे आल्यावर मासेमारीचा परवाना काढणं ओघानंच आलं. स्मॉलमाऊथ बास हा मासा मला इथेच भेटला. पितळी अंग, अंगावर उभे पट्टे, लाल डोळा, आणि वजनाच्या मानानं जबरदस्त ओढ. ओझार्कच्या डोंगरातले लोक त्याला 'ब्राउनी' म्हणतात. ज्यानं एकदा त्याला हलक्या गळकाठीवर खेळवलं, त्याला तळ्यातली मासेमारी फिकी वाटते.

पण पाणी निवडता आलं नाही तर हा मासा भेटत नाही. माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली. मेरामेक नदीला एका प्रचंड झऱ्याचं पाणी मिळतं, ते बारा महिने चौदा अंशांच्या आसपास. पाणी काचेसारखं, म्हणून मी तिथे तळ ठोकला, आणि ते निघालं ट्राउटचं पाणी. बासला उन्हाळ्यात वीस-पंचवीस अंशांचं पाणी लागतं. मग बर्बस नदीवर गेले. ती संथ आणि गढूळ. तिथे स्पॉटेड बास नावाच्या दुसऱ्या जातीनं बस्तान बसवलंय आणि स्मॉलमाऊथ मागे रेटला गेलाय. बिग रिव्हरवर तर जीवच हळहळला. तिच्या काठी शिशाच्या खाणी होत्या, शेवटची 1972 मध्ये बंद झाली, पण खाणींचा चुरा अजून पात्रात आहे. हझाह आणि कोर्टवा हे दोन ओढे खरोखर देखणे, पण जुलैच्या शनिवारी तिथे रबरी ट्यूबांवरून माणसंच माणसं वाहत येतात.

शेवटी मी नकाशे घेऊन बसले. उंचीच्या रेषा दाखवणारे नकाशे. ओढा वळून कड्याला कुठे घासतो ते पाहायचं, कारण कड्याच्या पायथ्याशी डोह असतो. ओझार्कची जमीन चुनखडीची, पोकळ. काही ओढे मधेच जमिनीत गडप होतात आणि ऑगस्टात पात्र कोरडं पडतं. म्हणून बाजूला लहानसे झरे हवेत, पाणी टिकवण्यापुरते, ओढा थंड करून टाकतील इतके मोठे नकोत. बाकीचं पाण्यात उतरून कळतं. दगड उलटायचा. खाली झिंग्यासारखा दिसणारा, नांगीवाला क्रेफिश सुळकन मागे पळाला तर बासचं जेवण तयार आहे. दगड गाळात रुतून बसला असेल, उचलताना चिखलाचा ढग उठत असेल, तर परत फिरावं. हिरव्या शेवाळाचे लांब केस दिसले तर वरच्या अंगाला गुरं पाण्यात उतरतात असं समजावं. काठाची सिकॅमोरची झाडं उभी आहेत का आणि त्यांची मुळं पाण्यात उघडी आहेत का, हे बघावं. आणि वॉटर विलो आहे का! पाण्यातच गोट्यांमधून उगवणारी वीत-दोन वीत उंच वनस्पती. जांभळ्या नक्षीची पांढरी फुलं येतात. ती अडुळशाच्या कुळातली आहे हे कळलं तेव्हा मला किती आनंद झाला होता ते सांगता येत नाही. आजीच्या परड्यातल्या अडुळशाची बहीण इथे ओढ्यातले गोटे धरून उभी! ती जिथे दाट, तिथले गोटे दर पुरात वाहून जात नाहीत, आणि ते टिकले की माशाचं घरटंही टिकतं.

असा एक ओढा मला सापडला. नाव सांगत नाही.

गावातल्या रस्त्याच्या पुलापाशी गाडी लावून आम्ही पाण्यात उतरलो. कुंपण ओलांडलं नाही. कुठेही काठावर चढलो नाही. पुलाजवळ गुरांनी काठ तुडवून ठेवला होता, पाणी मळकट. वर चालत गेलो तसं ते निवळत गेलं. अर्ध्या मैलावर उजवीकडे कडा, त्याखाली हिरवा डोह, डोहाच्या तोंडाशी खळाळ. लेकीनं पहिल्याच फेकीत पंधरा इंची मासा धरला. इथल्या ओढ्यांत मासा बारा इंचांचा व्हायला चार-पाच वर्षं लागतात, म्हणजे तो तिच्याहून फार लहान नसावा. तिनं हात ओले करून धरला, सोडला. पाठोपाठ मी दोन धरले, त्यातला एक माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. आणि मग बग्गीचा आवाज आला.

"मॅम, ही जमीन माझी आहे."

मी म्हटलं, आम्ही पाण्यात आहोत. तो म्हणाला, पाण्याखालची जमीनही माझीच. ते खरं होतं. पण पुढचंही खरं आहे, आणि मला ते पाठ होतं: 1954 साली एल्डर विरुद्ध डेलकोर या खटल्यात मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तळ खासगी असला तरी ज्या नदीतून कॅनू चालते, तिच्यात होडीनं जाण्याचा, पाण्यातून चालण्याचा आणि मासे धरण्याचा हक्क सगळ्या जनतेचा. तो खटलाही याच मेरामेकवरचा. त्या निकालाचा कागद घडी करून माझ्या गळांच्या डबीत होता. डबी माझ्या कमरेला होती. मला फक्त हात घालायचा होता.

त्यानं विचारलं, कुठून आलात? सेंट लुईस. नाही, मूळच्या कुठल्या? मी म्हटलं, भारत. तो "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि गप्प राहिला. पुढे शिवी नाही, धमकी नाही. म्हणाला, शेरीफला बोलवायची माझी इच्छा नाही. बस.

आणि मी दोरी गुंडाळायला लागले.

पुलापर्यंतचा तो अर्धा मैल मी विसरू शकत नाही. आम्ही पाण्यातून खाली चालत होतो आणि तो काठावरून, झाडांच्या पलीकडून, बग्गी अगदी हळू चालवत आमच्याबरोबर येत होता. आम्ही थांबलो की तो थांबे. एकदा लेक घसरली, दोन्ही गुडघे फुटले, तरी इंजिन तसंच घरघरत राहिलं. मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पुलाखाली पोचल्यावर तिनं विचारलं, "आई, तुझ्याकडे तो कागद होता ना? मग दाखवला का नाहीस?" मी म्हटलं, गाडीत बस. तिला उत्तर द्यायचं राहिलंय ते राहिलंच.

कागद दाखवूनही प्रश्न सुटला नसता, हे मला नंतर उमगलं. तो ओढा एप्रिलात कॅनू वाहतो, ऑगस्टात तिचा तळ गोट्यांना घासतो. मग तो कॅनूजोगा म्हणायचा की नाही? अशा लहान ओढ्यांबद्दल त्या निकालातून सरळ उत्तर निघत नाही. म्हणून माझं सांगणं आहे की ओढा निवडताना मासे, गोटे, डोह यांच्याइतकंच वाट कुठून आहे हे आधी बघा. राज्यानं लोकांसाठी घेतलेल्या उतरण्याच्या जागा आहेत, आणि त्याही लोकांच्याच पैशांतून. 1976 साली इथल्या मतदारांनी विक्रीकरात एक अष्टमांश टक्का फक्त निसर्गरक्षणासाठी मान्य केला, आणि प्रत्येक किराणा खरेदीवर तो मीही भरते. मूळच्या कुठल्या, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

पण एक गोष्ट मला छळते. तो डोह इतका चांगला का होता? कारण त्या माणसानं कुंपण काठापासून वीसेक पावलं मागे घेतलं होतं. त्याची गुरं पाण्यात उतरत नव्हती. त्यानं सिकॅमोर तोडले नव्हते, पात्रातले गोटे विकले नव्हते. पुलापाशी, जिथे कोणीही येऊ शकतं, तिथे बाटल्या, दोऱ्यांचे गुंते आणि शेवाळ. महाडच्या सावित्री नदीतून वाळू कशी उपसली जाते ते मी पाहिलंय. नदी सगळ्यांची म्हटली की तिचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको. आणि तिकडेच काळ नदीवर वाळणकोंडाचा डोह आहे, तिथले मासे वरदायिनी देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. लहानपणी मला तिथे गळ टाकायला बंदी होती, त्याचा राग मला कधी आला नव्हता. इथे आला. का आला? देवीनं मला मूळची कुठली हे विचारलं नव्हतं म्हणून, असं मी स्वतःला सांगते. काही दिवस ते पटतं. काही दिवस वाटतं, तो माणूस होता म्हणूनच तो पंधरा इंची मासा होता.

गेल्या वर्षी मेअखेर आम्ही पुन्हा त्या पुलाशी गेलो. त्या दिवसांत नर घरट्यावर राखण करतो. त्याला उचललं की काही क्षणांत दुसरे मासे अंडी फस्त करतात, म्हणून मी गळ गाडीतच ठेवला होता, नुसतं पाणी बघायचं होतं. वरच्या अंगाच्या पहिल्याच सिकॅमोरवर जांभळ्या रंगाचा उभा ताजा पट्टा होता. मिसूरीत जांभळा पट्टा म्हणजे 'आत येऊ नये'. कायदा तसाच आहे. पुढच्या झाडावरही होता, त्याच्या पुढच्यावरही.

लेक आता पंधरा वर्षांची आहे. त्या दिवशी ती पुलाखाली वाकून दगड उलटत होती. तिसऱ्या की चौथ्या दगडाखाली तिला क्रेफिश सापडला, पोटाशी अंडी धरलेली मादी. तिनं ती मला दाखवली आणि दगड जसा होता तसा ठेवला. मग खालच्या अंगाला बोट केलं. तिकडे झाडांवर रंग नव्हता. आम्ही तिकडे चालत गेलो, पाण्यातूनच.