घरात पिस्तूल आहे का?

हा प्रश्न मी दवाखान्यात रोज आठ-दहा वेळा विचारतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मी फॅमिली डॉक्टर आहे. मुलाच्या लसी झाल्या का, गाडीत पट्टा लावता का, स्मोक अलार्मची बॅटरी कधी बदलली, या यादीतच हाही प्रश्न येतो. भारतातल्या माझ्या डॉक्टर मित्रांना हे चमत्कारिक वाटतं. इथेही तो सगळ्यांना आवडतोच असं नाही. फ्लोरिडा राज्याने २०११ साली डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यापासून रोखणारा कायदाच केला होता. २०१७ साली फेडरल अपील कोर्टाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

२०२२ च्या फेब्रुवारीत हाच प्रश्न दुसऱ्या एका डॉक्टरने मला विचारला. मी ताबडतोब उत्तर दिलं, आणि ते चुकलं.

पाऊण तासात पिस्तूल

मी २००१ साली इथे आलो. नुसत्या व्हिसावर असताना इथे पिस्तूल विकत घेता येत नाही; शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर कायद्याने बंदीच आहे. ग्रीन कार्ड मिळालं की ती बंदी उठते. मला ते २०१२ साली मिळालं, पण पिस्तुलाचा विचार मनात नव्हता. २०१५ च्या दिवाळीत आमच्या भागातल्या तीन भारतीय घरांत चोऱ्या झाल्या. आपल्या घरांत सोनं असतं हे चोरांना चांगलं ठाऊक असतं. एका घरात तर माणसं वर झोपलेली असताना चोर आत शिरले होते. पुढचे आठ दिवस बायको दिवे चालू ठेवून झोपली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता.

दुकानात काचेच्या कपाटात, आपल्याकडे घड्याळं मांडतात तशी पिस्तुलं मांडलेली होती. एक सरकारी फॉर्म भरला. गुन्हा केलाय का, अमली पदार्थ घेता का, घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, अशा प्रश्नांना हो-नाही करायचं. दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेकडून माझी तपासणी करून घेतली. पाऊण तासात नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आणि पन्नास गोळ्यांचं खोकं घेऊन मी बाहेर पडलो. भारतात शस्त्रपरवान्यासाठी पोलीस चौकशी आणि कलेक्टर कचेरीचे हेलपाटे घालणारे लोक मी पाहिले आहेत. मला हे स्वप्नवत वाटलं. पिस्तुलाबरोबर एक कुलूपही मिळालं. ते द्यावं असा इथे कायदा आहे. वापरावं की नाही ते आपल्यावर!

मी एक छोटी डिजिटल तिजोरी आणून पलंगाच्या कपाटात बसवली. कोड ठेवला माझ्या आईच्या वाढदिवसाचा.

रेंजवर

घेतलंय तर चालवता यायला हवं, म्हणून प्रशिक्षकाकडे गेलो. त्याने आधी पॉइंट टू टूचं हलकं पिस्तूल हातात दिलं आणि चार नियम घोकून घेतले. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजायचं. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याकडे नळी वळवायची नाही. नेम लागल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. आणि लक्ष्य काय आहे व त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

खोटं कशाला बोलू, मला हा खेळ फार आवडला. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप इतका सावकाश दाबायचा की गोळी सुटल्याचं आपल्यालाच आश्चर्य वाटावं. धक्क्याच्या भीतीने आधीच हात आवळला की गोळी खाली जाते. दिवसभरात पंचवीस पेशंट पाहिल्यावर अर्धा तास डोक्यात दुसरं काहीच नसणं हे मोठं सुख आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा आमच्या मराठी मित्रांच्या टोळीने रेंजवर पेढे वाटले होते.

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी इथेच सांगतो. पहिली कानांची. गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एवढा आवाज एकदाच कानावर पडला तरी आतल्या केसपेशी कायमच्या मरू शकतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून बंदिस्त रेंजवर कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही हवेत. दुसरी शिशाची. गोळीत शिसं असतं आणि बहुतेक काडतुसांच्या पेटत्या टोपीतही असतं. धुरातून ते श्वासात जातं, हातांना आणि कपड्यांना चिकटतं, आणि आपल्याबरोबर घरी येतं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही. म्हणून रेंजवर खाणं-पिणं नाही, निघताना हात-तोंड थंड पाण्याने आणि साबणाने धुवायचं, बूट दाराबाहेर काढायचे, कपडे वेगळे धुवायचे आणि मगच मुलांना जवळ घ्यायचं. हे मी सगळं काटेकोर पाळत होतो. शिशापासून मुलाला मी नीट वाचवलं.

रात्रीचे दोन

२०१९ सालातली एक रात्र. खाली खुडबूड ऐकू आली. मी अंधारात तिजोरीकडे गेलो. कोड दोनदा चुकला. छाती धडधडत होती, बोटं थरथरत होती. यात नवल नाही. भीतीने अॅड्रेनॅलिन उसळतं तेव्हा शरीर पळायला किंवा झुंजायला तयार होतं. मोठे स्नायू जोरात येतात, पण बोटांचं नाजूक काम बिघडतं. नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, आजूबाजूचं दिसत नाही, ऐकू येत नाही. रेंजवरचा तो शांत नेमबाज त्या वेळी घरात नसतोच. तिसऱ्यांदा कोड लागला तेवढ्यात फ्रिजचं दार बंद झाल्याचा ओळखीचा आवाज आला. बारा वर्षांचे आमचे चिरंजीव दूध आणि सीरियल घेऊन बसले होते.

मी पिस्तूल हातात घेतलं नव्हतं. तरी सकाळपर्यंत झोप आली नाही.

त्या रात्री कळायला हवं होतं ते असं. चोरासाठी पिस्तूल ठेवायचं तर ते भरलेलं आणि हाताशी हवं. मुलांपासून सुरक्षित ठेवायचं तर रिकामं, कुलपात आणि गोळ्या दुसरीकडे हव्यात. ही दोन्ही कामं एकच पिस्तूल एकाच वेळी करू शकत नाही. मी मधला मार्ग काढला होता: भरलेलं, पण तिजोरीत. म्हणजे चोर आला तर उशीर होणार, आणि कोड कोणाला कळला तर कुलूप असून नसल्यासारखं.

आजीचा वाढदिवस

करोनाच्या दुसऱ्या वर्षात मुलगा बदलला. फुटबॉल सोडला. दुपारी चारला झोपायचा, रात्री जागा असायचा. "बोअर होतंय" एवढंच बोलायचा. पंधरा वर्षांची मुलं अशीच असतात, असं मी बायकोला समजावलं. हेच एखाद्या पेशंटच्या वडिलांनी मला सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. शेवटी तीच त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन निघाली आणि मीही गेलो. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्याने भरली. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे त्याने "बऱ्याच दिवशी" यावर खूण केली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात पिस्तूल आहे का?"

"आहे, पण तिजोरीत, कुलूपबंद," मी म्हणालो.

मुलगा बुटांकडे बघत होता. म्हणाला, "कोड आजीचा वाढदिवस आहे. मला माहितीये, बाबा."

अलाबामातल्या एका ग्रामीण दवाखान्यात झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, तो मी वाचलेला होता. बंदूक कुठे ठेवली आहे हे मुलाला माहीत नाही, असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांना ती जागा माहीत होती. मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटं ठरवलं. पेशंटना हे आकडे मी ऐकवत असे. माझ्या घराचा हिशोब त्यात मी कधी धरलाच नव्हता.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाख प्रौढांचा बारा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०२० साली आला. स्वतःचं पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या सुमारे आठपट होतं, स्त्रियांत पस्तीसपट. मरायचं ठरवलेले लोकच पिस्तूल घेत असतील, अशी शंका येईल. काही तसे असतातही. पण अशा निम्म्याहून अधिक आत्महत्या पिस्तूल घेतल्यावर वर्ष उलटून गेल्यानंतरच्या होत्या. म्हणजे घेताना बहुतेकांच्या मनात माझ्यासारखाच चोर असणार.

मग मला माझी इंटर्नशिप आठवली. १९९७ साल, विदर्भातलं सरकारी रुग्णालय. पावसाळ्यात वॉर्ड भरायचा. तिकडे "औषध घेतलं" एवढंच म्हणतात. औषध म्हणजे फवारणीचं. घरातच, धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेलं. वाचलेल्यांशी बोललं की बहुतेकांचं एकच असायचं: भांडण झालं, राग आला, समोर बाटली होती. आदल्या दिवशी असं काही ठरलेलं नसायचं. ह्यूस्टनमधल्या एका अभ्यासातही, मरणाच्या दारातून परत आलेल्या तरुणांपैकी २४ टक्क्यांनी सांगितलं, की ठरवणं आणि करणं यात पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

ती वाईट वेळ बहुतेकदा निघून जाते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं. बंदुकीचा प्रयत्न दहापैकी नऊ वेळा जीव घेतो. परत फिरायला, कोणाला हाक मारायला सवड देत नाही. "ज्याला करायचंय तो दुसरा मार्ग शोधतोच" हे म्हणणं चुकीचं आहे. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं एकूण प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. इस्रायली सैन्याने २००६ साली सैनिकांना शनिवार-रविवार घरी जाताना बंदूक छावणीत ठेवायला लावली, तर सैनिकांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या.

त्याच संध्याकाळी मी रेंजवरच्या एका मित्राला फोन केला. "माझं पिस्तूल काही महिने तुझ्याकडे ठेवशील का?" त्याने कारण विचारलं नाही. तासाभरात आला, पिस्तूल आणि गोळ्या घेऊन गेला. आमच्या राज्यात असं करता येतं. सगळ्या राज्यांत नियम सारखे नाहीत, म्हणून आधी चौकशी करा. काही ठिकाणी दुकानं किंवा पोलीसही ठेवून घेतात.

मग काय करायचं?

पिस्तूल ठेवावं की नाही, हे मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. एकट्या राहणाऱ्या, खरोखर कोणाची तरी धास्ती असलेल्या माणसाचा हिशोब माझ्यापेक्षा वेगळा असू शकतो. पण ठेवलंच तर रिकामं करून कुलपात ठेवा, आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात. कोड वाढदिवसाचा नको. घरात कोणीही उदास असेल, नोकरी गेली असेल, घटस्फोट चालू असेल, दारू वाढली असेल, तर तेवढे महिने पिस्तूल घराबाहेर हवं. "कोणीही" यात तुम्ही स्वतःही आलात. मूल दुसऱ्याकडे खेळायला जात असेल तर तिथेही हा प्रश्न विचारा. शेंगदाण्याची अॅलर्जी सांगताना आपण लाजत नाही, तसंच. मुलाला मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार येत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. मदतीसाठी अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलिमानसचा १४४१६ हे नंबर दिवसरात्र चालू असतात.

मुलाचे उपचार वर्षभर चालले. समुपदेशन आणि औषधं, दोन्ही. मधे पुन्हा एकदा घसरणही झाली. आता तो कॉलेजात आहे. हे सगळं लिहू का, असं विचारलं तर म्हणाला, "लिही, पण मी रडलो असं लिहू नकोस." तो रडला नव्हता. मी रडलो होतो.

पिस्तूल मी त्याच मित्राला रीतसर विकून टाकलं. दाराला चांगली कडी बसवली, अलार्म लावला, सोनं बँकेत ठेवलं. नेमबाजी सोडलेली नाही. रेंजवर पिस्तूल भाड्याने मिळतं. पोहायला आवडतं म्हणून कोणी घरात विहीर खणत नाही. मागच्या सुट्टीत मुलगाही बरोबर आला होता. त्याच्या पाचही गोळ्या एका वाटीत मावतील एवढ्या जवळ लागल्या. माझ्या ताटभर पसरल्या होत्या. निघताना मी तसाच गाडीकडे चाललो होतो. त्यानेच हाक मारली, "बाबा, हात धुतलेस का?"