कचोरी, शेजवान आणि मोठे काका

परवाच्या वीकांताला बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो. 'बुलढाण्यात काय आहे?' असं ऑफिसात सात जणांनी विचारलं. सातही जण दर लाँग वीकेंडला अलिबाग नाहीतर गोवा करणारे. मी म्हटलं, कचोरी आहे. तेवढ्यावर एकजण तयार झाला.

हा आमचा मित्र प्रोजेक्टसाठी आठ महिने चीनमध्ये, चेंगदूला होता. परत आल्यापासून त्याला इथलं कुठलंच चायनीज घशाखाली उतरत नाही. 'हे ओरिजिनल नाही रे' हे त्याचं पालुपद. म्हणून आम्ही त्याला चेंगदूकर म्हणतो. तिसरे प्रवासी म्हणजे आमचे बाबा. बाबा मूळचे खामगावचे. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण कचोरी म्हटल्यावर म्हणाले, "शेगावला जाणार असाल तर येतो." शेगाव आणि खामगावमध्ये जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. पण बाबांनी खामगावचं नाव काढलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. आमच्या घरात खामगावविषयी कुणी फारसं बोलत नाही. का, ते मला धड माहीत नव्हतं. काहीतरी घराचं भांडण, एवढंच.

असो. शनिवारी सकाळी निघालो. जालना सोडलं की तासाभरात सिंदखेड राजा. इथे लखुजी जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला. १२ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते, पण आम्ही गेलो तेव्हा वाड्यात शुकशुकाट होता. चेंगदूकर बराच वेळ त्या भल्यामोठ्या दरवाजाकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "यातलं ओरिजिनल किती?" बाबा म्हणाले, "गाव ओरिजिनल आहे, तेवढं पुरे."

रात्री मुक्काम चिखलीला. बुलढाण्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली घाटावर, खामगाव-शेगाव घाटाखाली. जेवायला म्हणून चालत निघालो तर रस्त्याकडेला लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेली गाडी. कढईखाली भडकलेला जाळ, पातेल्यात लालभडक शेजवान चटणी, कोबीचा ढीग. चेंगदूकर नको नको म्हणत असताना मी तीन प्लेट सांगितल्या.

पहिल्या घासाला त्याचं व्याख्यान सुरू झालं. शेजवान म्हणजे सिचुआन, चेंगदू ही त्याचीच राजधानी. तिकडच्या तिखटात मिरचीबरोबर एक दाणा असतो, त्याने जीभ बधिर होते. तो नसेल तर त्याला सिचुआन म्हणायचंच नाही. मी म्हटलं, बाबा रे, तुझा तो दाणा आपल्या तिरफळाचा चुलतभाऊ आहे. कोकणात बांगड्याच्या कालवणात घालतात तेच तिरफळ. राहिली मिरची, तर ती ना त्यांची ना आपली. ती अमेरिका खंडातून निघाली आणि कोलंबसाच्या नंतर जहाजांतून सगळीकडे पोचली. त्याआधी सिचुआनमध्ये मिरची नव्हती आणि वऱ्हाडात ठेचाही नव्हता. आणि मँचुरियन तर मुंबईचं. कोलकात्याच्या चिनी कुटुंबात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी ते १९७० च्या दशकात मुंबईत पहिल्यांदा केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली. सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर त्यांचं.

"म्हणजे सगळंच डुप्लिकेट?" चेंगदूकराने विचारलं. "नाही," मी म्हटलं, "सगळंच फॉरवर्ड केलेलं." बाबा आमच्या भांडणात न पडता प्लेट चाटूनपुसून मोकळे झाले होते!

रविवारी सकाळी घाट उतरलो. खामगाव आलं तसे बाबा म्हणाले, "इथे थांबवू नको. सरळ शेगावला चल."

शेगावला दर्शनाची ही गर्दी. दर्शन झालं आणि कचोरीकडे वळलो. ही कचोरी मैद्याची, आत डाळीचं मसालेदार सारण, बरोबर तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. चटणीचं फारसं कौतुक नाही. गरम तर चांगली लागतेच, पण गार झाल्यावरही चांगली लागते, म्हणून ती रेल्वेतून कुठेही जाते. आणि तिचा जन्मच रेल्वे स्टेशनातला. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. म्हणजे आपण ज्याला अस्सल वऱ्हाडी म्हणून डोक्यावर घेतो, ते घरदार मागे सोडून आलेल्या एका माणसाच्या हातचं.

हे मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. चेंगदूकर तिसरी कचोरी घेत मान डोलावत होता. बाबा एकदम म्हणाले, "त्या माणसाला परत जाता येत नव्हतं. माझं तसं नाही."

मग त्यांनी सांगितलं. २००६ साली माझी बारावी झाली. मेरिटमध्ये थोडक्यासाठी गेलो नाही आणि प्रायव्हेट कॉलेजची फी बाबांच्या पगारात बसेना. त्यांनी खामगावच्या घरातला आपला वाटा मागितला. मोठे काका म्हणाले, पैसा आणू कुठून, घर विकावं लागेल. बाबा म्हणाले, मग विक. काकांनी घर विकलं नाही. कर्ज काढलं आणि बाबांच्या हातावर सव्वादोन लाख रुपये ठेवले. दोघांनी एकमेकांना काय काय ऐकवलं ते बाबांनी सांगितलं नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मला काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं मी 'सेल्फ मेड' असल्यासारखा वावरत होतो. माझं इंजिनिअरिंग, हिंजवडीतली नोकरी, ही गाडी, सगळ्याच्या मुळाशी कुणाचं तरी कर्ज आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं म्हणा.

बाबांनी दोन डझन कचोऱ्या बांधून घेतल्या. दोन डझन! आम्ही तिघंच होतो. पण चेंगदूकरही गप्प बसला.

परतताना खामगाव आलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता आत घे."

खामगावची जुनी पेठ तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पाहा. हे गाव कापसावर वाढलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८७० मध्ये खास इथल्या कापसासाठी जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा टाकला. म्हणजे मँचुरियनच्या कितीतरी आधी हे गाव मँचेस्टरला जोडलेलं होतं. आता नाव आहे ते चांदीचं. शुद्ध चांदीची भांडी आणि मूर्ती घ्यायला लोक लांबून येतात. गल्ल्या अरुंद, मध्येच एखादं सागवानी खांबांचं, माडीचं घर आणि त्याला खेटून सिमेंटची तीन मजली इमारत.

बाबा पुढे चालत होते. वळणं विचारावी लागली नाहीत. एका ओट्यापुढे थांबले. दार उघडंच होतं. मोठे काका आत पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून बघितलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "काहून रे, रस्ता सापडला का?"

बाबा म्हणाले, "दादा, कचोरी आणली."

यावर पुढे काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. रडणं वगैरे. तसं काही झालं नाही. काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, "या ना भाऊजी, उभे काहून?" आणि परत आत गेल्या त्या थेट चुलीपाशी. अर्ध्या तासात ताटं वाढली. ज्वारीची भाकर, बेसन (म्हणजे आपलं पिठलं, तिकडे त्याला बेसनच म्हणतात), कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याच्या दुसऱ्या घासाला चेंगदूकराचे डोळे भरले. आठ महिने सिचुआनचं तिखट पचवलेला माणूस पाण्याचे तीन पेले प्यायला. काकू म्हणाल्या, "आज कमीच तिखट हाय." एवढं झाल्यावर मात्र सगळे हसले. बाबा आणि काकासुद्धा, एकमेकांकडे न बघता.

जेवण झाल्यावर मी धीर करून म्हटलं, "काका, त्या कर्जाचं मला आजच कळलं..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "२०१५ लेच फिटलं ते. तुही नोकरी बरी हाय ना?" मी हो म्हटलं. "मंग झालं," म्हणाले आणि कचोरीचा पुडा सोडला. एक तुकडा तोंडात टाकून थोडा वेळ चावत राहिले. "पहिल्यासारखी नाही राह्यली."

"नाही राहिली," बाबा म्हणाले.

एकोणीस-वीस वर्षांत दोघांचं एकमत झालेलं हे पहिलं वाक्य असावं.

निघताना काकूंनी बरणीभर ठेचा दिला. काका दारापर्यंत आले आणि बाबांना नाही, मला म्हणाले, "दिवाळीत येजा." मी बाबांकडे बघितलं. ते चपला शोधत होते, दोन्ही समोरच असूनसुद्धा.

घाट चढून देऊळगाव राजा मागे पडेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिवाळीची सुट्टी आत्ताच टाकून ठेव. आयत्या वेळी तुमच्याकडे रिलीज निघतो."

सोमवारी लॉगिन केल्यावर पहिलं काम तेच केलं. ठेच्याची बरणी ऑफिसात नेली होती. चेंगदूकर कुणाला हात लावू देत नाहीये. म्हणतो, ओरिजिनल आहे.