दुसऱ्याच्या स्वराला जागा

रंगमंचावर एक खुर्ची, एक ध्वनिक्षेपक आणि पाण्याची एक बाटली. वाद्य नाही, साथीदार नाही, कोणते गाणे कोणत्या क्रमाने गायचे याचा कागदही नाही. अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिन यांच्या एकल मैफलीची सामग्री एवढीच. ते खुर्चीवर बसतात, तळहाताने छातीवर ठेका धरतात आणि त्या क्षणी जे सुचेल ते गाऊ लागतात. खर्जातला एक स्वर आणि तारसप्तकातला दुसरा ते इतक्या झपाट्याने आलटूनपालटून लावतात, की दोन-तीन माणसे एकाच वेळी गात असल्याचा भास व्हावा. शब्द बहुधा नसतातच. आणि मग, मैफल रंगात आली असताना, ते समोरच्या श्रोत्यांना वर येऊन आपल्याबरोबर गाण्याचे आमंत्रण देतात.

दौरा म्हटला की रोज नवे गाव, नवे सभागृह. वर येणारा मनुष्य कोण, त्याला काय येते, तो सुरात आहे की नाही, यांतले काहीच ठाऊक नसते. तिकीट काढून आलेले शेकडो लोक पाहत असतात. नामवंत कलावंताने स्वतःच्या मैफलीचा अर्धा भार असा अनोळखी माणसाच्या हाती सोपवणे, हे धाडस लहान नव्हे.

या धाडसामागची तयारी मात्र फार जुनी आहे. मॅकफेरिन यांचा जन्म १९५० साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील रॉबर्ट मॅकफेरिन हे १९५५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये गाणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष गायक. आई साराही गायिका आणि गायनशिक्षिका. अशा घरातला हा मुलगा कित्येक वर्षे पियानोच वाजवत राहिला. आपण गायक व्हायचे, हे त्यांना उमगले ते सत्ताविसाव्या वर्षी, १९७७ मध्ये. त्यानंतर कोणत्याही आधाराविना एकट्याने गाण्याची साधना त्यांनी वर्षानुवर्षे केली. १९८४ सालच्या 'द व्हॉइस' या ध्वनिमुद्रिकेत जर्मनीच्या दौऱ्यातील मैफली आहेत. तीत आरंभापासून अखेरपर्यंत एका कंठाखेरीज दुसरे वाद्य नाही.

१९८८ साली 'डोन्ट वरी, बी हॅपी' या गाण्याने त्यांना जगभर पोचवले. त्या गाण्याचे नाव म्हणजे अवतार मेहेरबाबांचे वचन. पुण्यात जन्मलेल्या आणि अहमदनगरजवळच्या मेहेराबादेत समाधिस्थ झालेल्या बाबांचे हे शब्द सॅन फ्रान्सिस्कोतील एका घराच्या भिंतीवर मॅकफेरिन यांच्या दृष्टीस पडले होते. गाणे अमेरिकेत अग्रक्रमावर गेले, पुरस्कार मिळाले आणि प्रत्येकाला तेच ऐकायचे होते. मॅकफेरिन यांनी मात्र मैफलीत ते गाणे गायचेच सोडले. ते वाद्यवृंदसंचालन शिकू लागले आणि १९९० मध्ये, चाळिसाव्या वाढदिवशी, सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसमोर उभे राहिले. ज्या मालाला बाजारात सर्वाधिक उठाव, तोच दुकानातून काढून टाकावा, असा हा निर्णय होता. व्यापारी मनाला तो चटकन पटणार नाही. परंतु जे लोकांना आधीच पाठ झाले आहे, त्यात नवे काही घडण्यास वाव उरत नाही.

अनोळखी मनुष्याबरोबर गायचे तर पहिले काम ऐकण्याचे. त्याने धरलेली पट्टी, त्याची लय, त्याच्या आवाजाचा पल्ला क्षणात ओळखायचा; त्याच्या सुराखाली आपला खालचा सूर आधारासारखा ठेवायचा. पाहुणा डळमळला, तर त्याला सुधारण्यापेक्षा आपलाच आधार हलवून त्याच्या सुराला अर्थ द्यायचा. 'आव्हे मारिया' या प्रसिद्ध रचनेत तर मॅकफेरिन मुख्य चाल श्रोत्यांकडून गाऊन घेतात आणि स्वतः बाखच्या मूळ वाद्यरचनेतील सुरावट गळ्याने गात तिला साथ देतात. सभागृह गायक होते आणि गायक साथीदार.

२००९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक विज्ञान महोत्सवात त्यांनी हेच अगदी सोपे करून दाखवले. रंगमंचावर एका जागी उडी मारली की एक सूर, बाजूला उडी मारली की वरचा सूर. एवढे श्रोत्यांना शिकवले. मग न शिकवलेल्या जागी उडी मारली, तरी सर्वांनी पुढचा सूर अचूक लावला. सभागृहात हशा पिकला. स्वर पाचच होते. भूपासारखे पाच स्वरांचे राग ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहेत, त्यांना या उत्तराचे रहस्य थोडे आतूनच कळेल. कोठेही गेलो तरी लोकांना हे जमते, असा मॅकफेरिन यांचा अनुभव आहे.

आपल्याकडेही प्रत्येक कुटुंबात भजनाच्या वेळी मागे बसून केवळ ओठ हलवणारे कोणीतरी असतेच. शाळेत कोणीतरी 'तू गाऊ नकोस' म्हटलेले असते आणि ते वाक्य चाळीस वर्षे मनात राहिलेले असते. अशा माणसाला उपदेशाने धीर येत नाही. शेजारी कोणी सुरेल गाणारा आपला आवाज थोडा खाली आणून थांबला, तर मात्र येतो.

वयाची सत्तरी ओलांडल्यानंतरही मॅकफेरिन कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काही सहगायकांसह दुपारच्या गायनसभा घेऊ लागले. त्यांत लहानलहान स्वरावली एकेका गटाला दिल्या जातात. त्या एकमेकींवर रचल्या जाऊन गाणे उभे राहते आणि श्रोत्यांपैकी कोणीही उठून त्यात मिसळू शकतो. गाणे संपते. ते पूर्वी कोठे लिहिलेले नव्हते, उद्या पुन्हा तसेच होणार नाही. गाणारा आपल्या खुर्चीकडे परत येतो, आणि शेजारचा अनोळखी मनुष्य हसून त्याला जागा करून देतो.