तांब्याचा जुना वायसर

जळगाव जामोदला माझं ट्रक दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. कापसाच्या हंगामात एक जुना टाटा 1210 आला. रिकामा ठीक चालायचा. माल भरून बऱ्हाणपूरकडे सातपुडा चढू लागला की मिसिंग मारायचा, पांढरा धूर सोडायचा.

ड्रायव्हरने आल्या आल्या सांगितलं होतं, "भाऊ, सकायी हातपंप मारल्याबिगर गाडी चालूच होत नाई." मी म्हटलं, "जुनी गाडी आहे, चालायचंच." पहिली चूक इथेच झाली.

इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक सैल करून पाहिले. नट सैल करूनही आवाज बदलला नाही, तर तो सिलेंडर मेलेला. सकाळी तिसरा मेलेला सापडला, दुपारी पाचवा. नोझल गेलं असतं तर दोष एकाच जागी राहिला असता. हा फिरत होता. तरी मी सहाही नोझलं बदलली. फरक शून्य. मग इंजेक्शन पंप उतरवून खामगावला कॅलिब्रेशनला पाठवला. पंप ठणठणीत निघाला. गाडी मात्र ऐन हंगामात चार दिवस उभी.

शेवटी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या नंतर पारदर्शक नळी जोडली. इंजिन रेस केलं आणि डिझेलमधून बुडबुड्यांची माळ पळताना दिसली. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीचा. तिथे फट पडली की चालू इंजिनात डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. म्हणून मला गळती दिसली नव्हती. नोझल उघडायला साधारण 200 बार दाब लागतो. मध्ये हवा आली की तीच दबते आणि नोझल उघडत नाही. रात्री त्याच फटीमुळे डिझेल टाकीत उतरायचं, म्हणून सकाळचा हातपंप!

फट होती फीड पंपाच्या बोल्टखालच्या तांब्याच्या वायसरला. महिन्यापूर्वी तिथली डिझेलची जाळी साफ करताना तो जुनाच वायसर मी परत बसवला होता. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं, पुन्हा नीट बसत नाही, हे मीच हाताखालच्या पोरांना शिकवतो.

मालकाला खरं सांगायला मला आठवडा लागला. कॅलिब्रेशनचे पैसे मी भरले, नोझलांची मजुरी सोडली. आता मिसिंगची गाडी आली की पाना उचलण्याआधी ड्रायव्हरचं पूर्ण ऐकतो आणि नोझलला हात लावण्याआधी ती नळी लावतो. नवा वायसर चहाच्या पैशांत येतो.